काचेवरची पावलं

"हात तिचाच. यंत्राला का पाय फुटलेत? शनिवारी एर्मेकला सांगते, सोडून ये तिला तिच्या आईकडे."

दुधाची बरणी घेऊन आलेली बेगिमाय दाराबाहेरच थबकली. आत सासू शेजारणीशी बोलत होती. लग्नाला चाळीस दिवसही झाले नव्हते.

किर्गिझस्तानातल्या काराकोलचे म्हातारे घड्याळजी बायमुरात अंधार पडला की पोरांना ही गोष्ट सांगतात, आणि तारीख चुकवत नाहीत: गुरुवार, चौदा नोव्हेंबर.

बेगिमायचे सासरे जुमाकादिर शाळामास्तर. टीव्हीला जोडायच्या जुन्या घरगुती कॉम्प्युटरांसाठी त्यांनी एक स्क्रीनसेव्हर लिहून गावभर फुकट वाटला होता. एकच चित्र राहून काचेवर डाग पडू नये, म्हणून पडद्यावर बर्फ पडायचा. खाली एक गोल तंबू, वर धूर. पण आपोआप नाही. कीबोर्डच्या दोन टोकांच्या दोन कळा दोन्ही हातांनी एकदम दाबाव्या लागत.

वसंतात मास्तर गेले. आणि आता तीन गुरुवार, मध्यरात्री, कुणी न दाबता बर्फ पडत होता. सासूचा संशय नव्या सुनेवर होता.

दर गुरुवारी गेलेल्यांसाठी बोरसोक, म्हणजे कणकेचे छोटे तुकडे, तळायचे. त्या तेलकट वासानेच त्यांचं पोट भरतं, असं मानतात. पण लग्नात ढीगभर तळून सासूला तेलाचा वीट आला होता. तीन गुरुवार कढई चढली नव्हती. हे बेगिमायच्या ध्यानात होतं. पण नवी सून सासूला शिकवणार कशी? सासऱ्याचं तर नावही सुनेने घ्यायचं नसतं.

त्या रात्री तिने टीव्हीची आणि यंत्राची, दोन्ही विजेच्या वायरी काढून मांडीवर घेतल्या, आणि सगळ्यांसमोर बसली.

"अंडी उबवतेस का?" तिचा नवरा एर्मेक हसला.

"बसू दे," सासू म्हणाली. "चोराच्या मनात चांदणं."

साडेअकरा. पावणेबारा. बारा.

कट्.

दोन्ही टोकांच्या कळा. एकदम.

पडदा उजळला. बर्फ...

वायरी मांडीवरच होत्या.

तंबूवर धूर नव्हता. दारातून एक पाऊल उमटलं. मग दुसरं. काचेकडे.

"आपा..." एर्मेकने आईला हाक मारली.



पावलं मोठी होत गेली. अगदी काचेशी थांबली. कुणीतरी खोल श्वास घेतला... काहीतरी हुंगल्यासारखा. काचेवर वाफ धरली.

आतून.

मग अंधार.

एर्मेकने दिवा लावला. बंद पडद्यावर दोन पावलं जळून उमटली होती, बोटं खोलीकडे. आपाने डोक्याचा रुमाल काढून घासला, पुन्हा घासला. निघाली नाहीत. बायमुरात म्हणतात, अजून तशीच आहेत.

बेगिमाय उठली. वायरी जमिनीवर ठेवल्या. सासूकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं.

"आपा, कढई चढवा," ती म्हणाली. "जुमाकादिर उपाशी आहेत."