बारा नंबरची नळी

"चटणी वाटून राहिल्या का, म्याडम?"

दारात काटोलकडचा एक तरुण उभा होता, ओल्या गोणपाटात सात संत्रा-झाडांची पानं गुंडाळून. चौऱ्याहत्तर सालचा मार्च. नागपूरच्या एका प्रयोगशाळेत मी नुकतीच लागले होते. बर्फावर ठेवलेल्या खलात पानं वाटायची, रस गाळून नळीत भरायचा, थोडा चाचणीच्या रोपांवर चोळायचा. डाग उठले, तर बागेत रोग.

"चटणीच. फक्त मीठ नाही," मी म्हटलं.

तो हसला. गिरिधर त्याचं नाव. पानं वाटेपर्यंत तो समोरच बसला, आणि मी... खलाकडे कमी, त्याच्याकडेच जास्त बघत होते. टेबलावर दुसराही गठ्ठा होता, एका लिंबूवाल्याचा. दोन्ही रस भरले, नंबरच्या चिठ्ठ्या चिकटवल्या.

तीन आठवड्यांनी बारा नंबरच्या रोपांवर डाग उठले. बारा म्हणजे गिरिधर. साहेबांनी त्याला कळवलं — पानं आणली ती सातही झाडं तोडा.

पुढच्या आठवड्यात शीतकपाटातला उरलेला रस टाकायला काढला. बारा नंबरची नळी उघडली, तर लिंबाच्या पानांचा वास!

साहेबांना तिथल्या तिथे सांगितलं. "दोघांनाही पत्र टाकतो," ते म्हणाले. पण पत्र पोचेपर्यंत? मी एस.टी. धरली.

बागेत सातही झाडं आडवी पडली होती. हिरवीगार.

"तुम्ही? इतक्या दूर?" गिरिधरचा चेहरा उजळला. तेच मला सहन होईना.

"तुमची झाडं चांगली होती. चिठ्ठ्या मी चुकवल्या."

"काहून?"

"ध्यान नव्हतं."

"कुठं होतं मंग?"

मी मातीकडे बघत राहिले. "...तुमच्याकडे."

तो एका बुंध्यावर बसला. सालीवरून हात फिरवत म्हणाला, "बाबानं लावले होते हे झाडं." मग उठून त्यानं मला पाणी आणून दिलं.

फाट्यावर पोचवायला तो आला. बस दिसली तेव्हा म्हणाला, "मृगात सात कलमं लावतो. याल लावाले?"

"येईन," मी म्हटलं. मान वर झाली नाही.

गेले. पुढं त्याच घरात नांदायलाही गेले. पाचव्या वर्षी त्या कलमांना फळ धरलं. पहिलं संत्रं गिरिधरनं सोललं, फोड माझ्या ओठांशी धरली.

"खा नं वं."

खाल्ली. गोड होती... आणि मला काही केल्या त्याच्याकडे बघवेना.