खेचराची ढाल

"चोरी! ढाल चोरीला गेली!" कोठारातून आल्देरिककाका ओरडले.

सुट्टीला आलेली झेली आणि तिचा चुलतभाऊ बाझिल धावत आले. सोनिये घराण्याचं कुलचिन्ह रंगवलेली लाकडी ढाल खरंच जागेवर नव्हती! कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाभर पसरलेले सगळे सोनिये आज मेळाव्याला जमणार होते आणि पणजी ढालीवरचं कापड ओढणार होती. पणजीच्याच हट्टानं ढालीवर खेचर रंगवलं होतं. तिचे वडील फिदेल यांनी पहिल्या महायुद्धात खेचराच्या पाठीवरून कितीतरी जखमी सैनिक आघाडीवरून परत आणले होते.

"जाऊ दे," काका म्हणाले. "मी दुसरी ढाल करून ठेवलीय. सिंहाची!"

"चोरी झाली आणि काका खुशीत?" बाझिल कुजबुजला.

झेलीनं काकांच्या बुटांकडे बोट केलं. खाडीतला लाल चिखल! शिंपले वेचायला चला म्हटलं की नाक मुरडणारे काका खाडीत कशाला उतरले?

ओहोटीनं खाडी उघडी पडली होती. बुटांचे ठसे थेट समोरच्या बेटावरच्या पडक्या शेडकडे गेले होते.

"भरती आली तर अडकू हं!" बाझिल म्हणाला.

"मग तोंड बंद आणि पाय चालू!"

शेडमध्ये जुन्या जाळ्यांखाली ढाल सापडली! पण परतताना पाणी घोट्याला लागलं, बघता बघता गुडघ्याच्या वर चढलं. ढाल तर भलतीच जड. झेली थांबली.

"सोडून देऊ या?"

"वेडी आहेस? लाकूड आहे, तरंगेल!"

दोघांनी ढाल पाण्यावर टाकली आणि ढकलत ढकलत किनारा गाठला. मोठी माणसं जेवणावर ताव मारत होती, तेवढ्यात दोघांनी कापडाखालच्या ढाली बदलल्या.

पणजीनं कापड ओढलं. खेचर! काकांचा चेहरा पांढराफटक पडला.

"ही... ही कुठून आली?"

"बेटावरच्या शेडमधून," झेली म्हणाली. "तुम्ही लपवली होती तिथून!"

"हॅलिफॅक्सचे पाहुणे हसतील असं वाटलं," काका पुटपुटले.

"हसू देत!" पणजी कडाडली. "सिंहानं एक तरी जखमी पाठीवर वाहिला होता का रे?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्यांत जोरात टाळ्या हॅलिफॅक्सच्या पाहुण्यांच्या! काकांनीही मान खाली घालून टाळ्या वाजवल्या.

पणजीनं मुलांच्या बरबटलेल्या पायांकडे पाहिलं.

"चिखलाला न भिणारी माणसं आहेत म्हणायची अजून, माझ्या बाबांच्या घरात! या, माझ्या शेजारी बसा. पाय धुवायचे नाहीत हं!"