बरणी पुरणाऱ्याची परवानगी

दुपारचे बारा वाजले होते, ऊन लख्ख होतं. भुताखेतांची ही वेळच नव्हे! जिभाळे आपले नेहमीसारखे कामाला निघाले होते. जिभाळे हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते वर्तमानपत्रात देशोदेशीच्या पारंपरिक खाण्यांबद्दल लिहीत, म्हणून कचेरीने ठेवलेलं. आंबवलेलं असो, कुजवलेलं असो, माणूस नाही म्हणायचा नाही.

पण एक गोष्ट त्यांनी बायकोपासूनही लपवली होती. सहा महिन्यांपूर्वीच्या तापात त्यांची चव आणि वास, दोन्ही पार गेले होते. तेव्हापासून सगळ्या थापा. गेल्याच आठवड्यात एका खानावळीच्या करपलेल्या रश्श्याबद्दल त्यांनी ‘मोहक धुरकटपणा’ असं लिहून टाकलं. आज सकाळी संपादकांनी तोंडावर सांगितलं, “आजचा लेख खरा वाटला नाही, तर तुमची जागा शब्दकोड्याला.”

आजचं खाणं होतं तीन वर्षं मातीत पुरलेला मासा. दूरदेशाहून येऊन इथेच म्हातारी झालेल्या एका आजींकडे. त्यांनी बरणीचं झाकण काढलं आणि शेजारच्या खिडक्या धडाधड बंद झाल्या. जिभाळे मात्र शांत. नाकच नाही, तर भीती कसली?

“आमच्यात एक रीत आहे,” आजी वाढता वाढता म्हणाल्या. “ज्याने बरणी पुरली त्याला हाक मारून ‘घेऊ का?’ विचारायचं. मग जरा थांबायचं. ही आमच्या ह्यांनी पुरलेली...”

चारला लेख द्यायचा होता. जिभाळ्यांनी घास कोंबला.

आणि अहाहा! खारट, आंबट, मातकट... सहा महिने मेलेली जीभ खडबडून जागी झाली. डोळ्यांत पाणीच आलं बिचाऱ्यांच्या. “अप्रतिम!” म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, आणि बाहेर पडलं ते भलतंच. घोगऱ्या, चिडक्या आवाजात.

“मीठ कमी पडलंय. कितीदा सांगायचं?”

आजींच्या हातातला डाव खाली पडला.

“हे तर... आमचे हे बोलतात असं...”

“कुठे असतात ते?”

“वारले की हो. दोन वर्षं झाली.”

लेख मात्र असा उतरला की संपादकांनी अर्धं पान दिलं. घरी सगळी चव परत आली होती, फक्त दर जेवणाला तो घोगरा आवाज यायचा आणि मीठ मागायचा. वीस वर्षांत ज्या नवऱ्याने कशाला नाव ठेवलं नाही, तो असा खेकसायला लागल्यावर बायकोचं डोकं फिरलं. जिभाळ्यांनी गुपचूप आजींना फोन लावला.

“सोपं आहे,” आजी म्हणाल्या. “आता हाक मारून विचारा. ते नाही म्हणतील आणि निघून जातील. पण चवही घेऊन जातील हं.”

जिभाळ्यांनी अर्ध्या पानाचा विचार केला आणि फोन ठेवला. बायकोला म्हणाले, “वय झालं गं, होतं असं.”

तिला ते काही पटलं नाही. दुसऱ्या दिवशी लेखावरून पत्ता काढून जाब विचारायला ती थेट आजींकडेच गेली. आली ती दुपार टळल्यावर, अगदी शांत होऊन.

“काय म्हणाल्या?” जिभाळ्यांनी विचारलं.

“काही नाही. त्यांनी दुसरी बरणी उघडली, वाढलं. नाही कसं म्हणायचं? कुणाला तरी हाक मारा म्हणत होत्या, पण घास गेला होता तोंडात.”

“कुणाची बरणी होती?”

“त्यांच्या सासूबाईंची. शेजारी सासऱ्यांचीही उघडी होती.”

मग ती जवळ आली. एरवी अहो-जाहो करणाऱ्या बायकोने त्यांची हनुवटी धरली आणि म्हणाली, “किती वाळलास रे... जेवायला घालत नाही का ती?”

जिभाळे दोन पावलं मागे सरले. नको ते अर्धं पान, नको ती चव! जा बाबा, तुझ्या आईलाही घेऊन जा, माझी बायको मला परत दे... त्यांनी जिवाच्या आकांताने हाक मारायचा प्रयत्न केला. पण जीभ आता त्यांचं ऐकेना.

“आई,” ती जीभच लाडात येऊन म्हणाली, “भूक लागलीय.”

बायकोने तीन ताटं मांडली.

“जरा दम धर,” ती म्हणाली. “तुझे बाबा येतायत.”

दाराबाहेर पायपुसण्यावर कुणीतरी सावकाश पाय पुसत होतं.