नायकाचा चेहरा

दिग्दर्शकाच्या ऑफिसात लेखिकेनं चुकून शेजारच्या खोलीचं दार ढकललं, तर आत जाड भिंगांचा चष्मा लावलेला एक बुटकासा माणूस रिकाम्या खुर्चीला सांगत होता, "जा तुम्ही. मी काही तुमची वाट बघत नव्हते!"

वाक्य तिचंच होतं. तिच्या कादंबरीतलं... नायिकेच्या तोंडचं.

तो ओशाळला. "नायकाच्या भूमिकेसाठी मुलं येतात ना, त्यांच्यासमोर नायिका मला वाचावी लागते."

"छान जमतंय की! फक्त ती एवढी खेकसत नाही."

"सकाळपासून बारा जणांना नाकारलंय हो तिनं... घसा बसलाय बिचारीचा."

ती खळखळून हसली. तिच्या पहिल्याच कादंबरीवर सिनेमा निघत होता आणि नटांच्या निवडीला दिग्दर्शकानं तिलाही बोलावलं होतं. पंधरा दिवस ती रोज आली, रोज त्याच्या शेजारी बसली. टेबलाखालून तो हळूच चिठ्ठी सरकवायचा – 'हा प्रेम करतोय की जप्ती आणतोय?' – आणि तिला हसू आवरता आवरायचं नाही.

मग नायिकेसाठी मुली येऊ लागल्या आणि तो नायक वाचू लागला. कादंबरीतला नायक लिफ्ट दुरुस्त करणारा, दिसायला बेताचा, अडखळत बोलणारा. नायिका त्याला टाळते, हसते आणि फार उशिरा त्याला जीव लावते. "तुम्हाला... उशीर होत असेल," त्यानं वाचलं आणि लेखिकेच्या हातातलं पेन थांबलं. हाच तो!

दिग्दर्शकालाही ते दिसलं होतं. "एक तर हा, नाहीतर मागे येऊन गेलेला तो देखणा हिरो. मला दोघंही चालतील. पुस्तक तुमचं, तुम्ही सांगा."

तो चहा घेऊन दाराशीच उभा होता. त्यानं तिच्याकडे पाहिलं... क्षणभरच.

पुस्तकाच्या नव्या मुखपृष्ठावर तो देखणा चेहरा झळकेल, मैत्रिणी जळून खाक होतील – तेवढंच तिच्या मनात आलं. "हिरोच घ्या," ती म्हणाली.

त्यानं कप तिच्यासमोर ठेवला. "तुमचा... बिनसाखरेचा." आणि तो निघून गेला.

सिनेमा धो धो चालला. पण इतका राजबिंडा पुरुष समोर असताना बाई त्याला टाळेल कशाला? म्हणून पडद्यावर नायिकेला गर्विष्ठ करून टाकलं होतं. नायकाचं अडखळणं तर गायबच. हळूहळू उमलणारं प्रेम जाऊन एका बाईची खोड मोडण्याची गोष्ट झाली होती. लोक टाळ्या पिटत होते आणि लेखिका अंधारात डोळे पुसत होती.

दुसऱ्या दिवशी ती त्या ऑफिसात गेली. तो भिंतीवर नव्या नटांचे फोटो लावत होता.

"मी तुम्हाला निवडायला हवं होतं."

"सिनेमासाठी?"

"...फक्त सिनेमासाठी नाही."

टाचणी त्याच्या बोटांतच राहिली. "मी वाट पाहिली हो. भूमिकेची नाही. पण त्या दिवसानंतर तुम्ही माझ्याशी नजरसुद्धा मिळवली नाहीत."

"लाज वाटत होती."

"मला वाटलं... माझी वाटते."

ती मटकन खुर्चीत बसली. "आणि आता?"

"नायिकेसाठी एक मुलगी आली होती. निवड नाही झाली तिची." तो अगदी हळू बोलत होता, तिला लागू नये म्हणून. "पुढच्या महिन्यात लग्न आहे आमचं."

"चांगली आहे?"

"फार."

लेखिका उठली, पदर सावरला, हसूनही दाखवलं. "नशीबवान आहे हो मुलगी," ती म्हणाली. ते अगदी मनापासून होतं, म्हणूनच वाक्य संपता संपता तिचा आवाज फाटला.