चपलांची तोंडं

रविवारी केतनला आजीकडे चहाला घेऊन गेले. तिने हो म्हटलं की बाबा साखरपुड्याची तारीख धरणार होते. माझं लग्न, आणि होकार आजीचा! पनवेलपासून तिच्या गावापर्यंत रिक्षात मी हेच पुटपुटत होते.

मी कळंबोलीत ट्रक ड्रायव्हरांच्या मुलाखती घेते. खोटं बोलणारा आधी माझाच प्रश्न मला परत ऐकवतो, तेवढ्यात उत्तर जुळवतो. माणसं ओळखायला मला कुणी शिकवायची गरज नव्हती.

आजोबांची रीत वेगळी होती. मिठागरावरून आले की ओटीवरच्या पाहुण्याकडे नुसतं बघायचे. माणूस लबाड वाटला तर न बोलता त्याच्या चपलांची तोंडं रस्त्याकडे करून ठेवायचे. पाहुणा काय ते समजायचा. आजोबा जाऊन कितीतरी वर्षं झाली. मिठागरावरही भराव पडला.

दिवेलागणीला वीज गेली. आजीने मेणबत्ती लावली. मी कप ठेवायला उठले तेव्हा दारातून दिसलं : केतनच्या चपला रस्त्याकडे तोंड करून होत्या. काढताना त्याने त्या तशा ठेवल्या नव्हत्या.

मी आजीच्या कानाशी वाकले. "ही नाटकं बंद कर."

"मी कवा उठले, बाय? तुज्या समोरच तं बसलेय."

खरं होतं. गुडघ्यांमुळे तिला उठवायलाच कुणीतरी लागतं. मी चपला पुन्हा घराकडे वळवल्या आणि केतन नि आजी दोघंही दिसतील अशी बसले.

खोलीत खाडीच्या चिखलाचा वास आला. मग बाहेर फरशीवर चपलेचं रबर घासलं. सावकाश... एकदा. मग दुसऱ्यांदा.

आजीचे दोन्ही हात कपाभोवती होते.

"मांजर असेल," केतन हसला.

मी मोबाईलचा उजेड टाकला. तोंडं रस्त्याकडे.

"आजी, बाहेर कोणाला बसवलंयस?"

"नाय कोनाला."

उत्तर लगेच आलं, सरळ. रोज चेहरे बघते मी. ती खोटं बोलत नव्हती. राहिला केतन. त्याच्याकडे मी त्या नजरेने कधी बघितलंच नव्हतं. ड्रायव्हरांना टाकते तसा एक प्रश्न अचानक टाकला.

"केतन, तुझं आधी लग्न झालंय?"

"माझं... आधी लग्न झालंय का?"

मग तो बराच वेळ बोलला. चांगलं बोलला. मी मेणबत्तीकडे बघत राहिले.

"तू नीघ," मी म्हटलं.

त्याला चपला वळवाव्या लागल्या नाहीत. पाय घातले आणि चालू लागला.

मी माझ्या चपला आत घ्यायला गेले. त्या बाहेर नव्हत्या. उंबऱ्याच्या आत, भिंतीला टाचा लावून, नीट जोडून ठेवलेल्या होत्या. पट्ट्यांवर पांढरं काहीतरी चिकटलं होतं. मी बोटांनी चोळून पाहिलं.

जाडं मीठ. अजून ओलं होतं.