पिल्लांना पाय फुटेपर्यंत

बाभुळगावचा डांबरी रस्ता सोडून तीन मैल आत गेलं की तानाबाईचं घर. घरापुढे अंगण, अंगणात लिंब आणि लिंबाखाली सिमेंटचं टाकं. किसनरावानं, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, ते बैलांच्या पाण्यासाठी स्वतःच्या हातानं बांधलेलं, कापसाला बरे दिवस होते तेव्हा. पुढे कापसाचे दिवस फिरले, बैलजोडी बाजारात गेली, टाकं कोरडं पडलं. आणि एक दिवस किसनराव यवतमाळहून एसटीनं आला तो पन्नीच्या पिशवीत सात सोनेरी मासोळ्या घेऊन. तान्हं लेकरू धरावं तशी पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरलेली.

"कापूस घरात पिवळा पडून राह्यला, अन् या माणसाले मासोळ्या सुचतात!" तानाबाई अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी बोलली.

"बैल गेल्यापासून टाकं पाहवत नाही मले," किसनराव म्हणाला.

त्यावर तिनं वाद न घालता टाक्यात पहिली घागर ओतली. असं तिच्या आयुष्यात दोनदा की तीनदाच झालं असेल.

पावसाळ्यात टाक्यावर बेंडकं आली. मोठ्या बेंडकाच्या वाटेला मासोळी जात नाही, पण अंडी दिसली की साबुदाणा वाढल्यासारखी फस्त करते. किसनरावानं हे एकदा पाहिलं आणि दुसऱ्या दिवसापासून दिवस उगवताच करवंटी घेऊन टाक्यावर बसायला लागला. अंड्यांचा बुळबुळीत गोळा हलकेच उचलायचा आणि शेजारच्या घमेल्यात सोडायचा. घमेल्यात पाणी टाक्यातलंच, नळाचं नाही. पिल्लं सुटली की उकडलेल्या पालकाचं चिमूटभर पान. मागचे पाय फुटले की अर्धी वीट आत ठेवायची, म्हणजे त्यांना चढून बाहेर येता येतं. आणि अंडी कधीही एका ठिकाणी ओतायची नाहीत. घमेल्याच्या काठाला तीन जागी, थोडी थोडी.

"नैवेद्य वाढून राह्यले काय?" ती चुलीपासून ओरडायची.

"गर्दीत जीव गुदमरते त्यायचा."

"घरात माहा जीव गुदमरते, ते नाही दिसत."

पण चहा ती टाक्यावरच नेऊन द्यायची. दोघं काठावर बसायची. संध्याकाळी इवली बेंडकं विटेवरून उड्या मारत लिंबाखालच्या ओलीत पांगायची आणि किसनराव शाळेतून लेकरं सुटल्यासारखा त्यांच्याकडे पाहत बसायचा.

तो काविळीनं गेला त्याला आता सात वर्षं झाली होती. पहिल्या पावसाळ्यात तानाबाई टाक्याकडे फिरकली नाही. मासोळ्यांनी सगळी अंडी खाल्ली आणि त्या वर्षी अंगण मुकं राहिलं. ते मुकेपण तिला सोसवलं नाही. दुसऱ्या वर्षी तिनं करवंटी घेतली. तिला त्याच्यासारखा धीर नव्हता. ती सगळा गोळा एकाच जागी ओतायची आणि म्हणायची, जगायचं असेल तर जगा.

तिचा मुलगा अंकुर वणीला कोळशाच्या ट्रकवर लागला होता. बायको सुरभीही तिकडेच. शेत लावून द्यायचं आणि आईला घेऊन जायचं, असं त्यानं श्रावणात येऊन सांगितलं.

तानाबाईनं घमेल्याकडे बोट दाखवलं. "यायले पाय फुटून हे निघून जाऊ दे. मंग येतो. तुह्या बाबानं लावलेलं काम मी मध्यात सोडणार नाही."

"शब्द?"

"तानाबाईनं कधी शब्द फिरवला काय रे? लहानपणी तुले मार देतो म्हटलं अन् दिला नाही, असं झालं काय?"

पोळ्यापर्यंत पिल्लांना चारही पाय आले. शेवटचं बेंडूक विटेवरून गेलं त्या दिवशी तिनं ट्रंक काढून पुसली, लुगड्यांच्या घड्या घातल्या. सकाळी घमेलं पालथं करायला गेली तर आत अंडी होती.

ताजी. पांढरट, मधे काळे ठिपके.

राहिला असेल एखादा गोळा टाक्यात, आपणच उचलला असेल आणि ध्यानात नसेल, असं तिनं स्वतःला समजावलं. ट्रंक परत पलंगाखाली गेली.

ती पिल्लं दसऱ्याला गेली. दुसऱ्या सकाळी घमेल्यात पुन्हा अंडी.

पाऊस केव्हाच सरला होता. नाला आटून वाळू दिसत होती. टाक्याभोवती महिनाभर एक बेंडूक ओरडलं नव्हतं. अंकुर आला, त्यानं घमेल्यात पाहिलं आणि मग आईकडे.

"आई, कुठून आणून टाकते तू हे?"

"मी?"

"यायचं नसन तर सरळ सांग. हे असं कायले?"

तानाबाईचा चेहरा काळाठिक्कर पडला. साठ वर्षांत तिला तोंडाळ म्हणणारे पुष्कळ भेटले होते, खोटारडी म्हणणारा कोणी नव्हता. "दिवाळी झाली की दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन ये," ती म्हणाली. "पिल्लं असो नाही तर नसो. मी येतो."

तो गेल्यावर तिनं घमेल्याचं पाणी बदललं, अंडी परत आत ओतली आणि वर वेताची पाटी झाकली. पाटीवर पाटा ठेवला, जो उचलताना तिचीच कंबर धरायची. दुसऱ्या दिवशी उन्हं अंगणात आली तेव्हा तिनं पाटा उतरवला. पाटी जशीच्या तशी होती. पाटीखाली कालच्या अंड्यांच्या सोबतीला नवी अंडी होती.

ती खाली बसली.

कालची अंडी तिनं ओतली होती, एका जागी, ढीग. आता ढीग नव्हता. काठाला तीन जागी, थोडी थोडी अंडी होती. करवंटी टाक्याच्या कडेला पालथी ठेवलेली. तिनं हात लावला. ओली होती.

तिनं कोणाला सांगितलं नाही. भावसिंगलाही नाही. भावसिंग जवळच्या बंजारा तांड्यावरचा, त्यानं नुकतंच तिचं शेत वाहायला घेतलं होतं. तो तिला याडी म्हणायचा, म्हणजे आई. किसनरावाला त्यानं कधी पाहिलेलं नव्हतं.

"याडी, टाक्याशी कोणासंगं बोलता?" त्यानं एकदा कुंपणापलीकडून विचारलं.

"मासोळ्यायसंगं. तुह्यापेक्षा अक्कल आहे त्यायले."

त्या पंधरवड्यात ती रोज चहाचे दोन कप घेऊन टाक्यावर बसली. एक स्वतः प्यायची, दुसरा लिंबाच्या मुळाशी ओतायची. बोलायची जुनंच. लग्नात त्याचा फेटा सुटला होता ते. पहिला कापूस विकून आणलेला रेडिओ. अंकुर तापानं फणफणला आणि दोघं त्याला खांद्यावर टाकून बाभुळगावपर्यंत चालत गेले, ती वाट. इतकं बोलणं तिनं तो जिवंत असताना केलं नव्हतं. तेव्हा भांडायलाच वेळ पुरायचा नाही.

अंडी फुटली. पिल्लं वळवळायला लागली. रोज सकाळी त्यांच्याशेजारी नवी अंडी.

दिवाळी झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी अंकुर टेम्पो घेऊन आला. ट्रंक चढली, पलंग चढला, डबे चढले.

"चाल आई."

"आली. पाच मिनिटं."

ती टाक्याच्या काठावर बसली. पलीकडे रिकाम्या काठाशी मासोळ्या गोळा झाल्या होत्या. उरलेल्या चारही. तोंडं पाण्याबाहेर काढून, उघडझाप करत. कोणी समोर बसून कणकेच्या गोळ्या टाकत असावं तशा.

"ऐकलं काय," तानाबाई म्हणाली. "पोराले शब्द देला मी. आता पुरे करा."

लिंबाचं पान हललं नाही.

तिनं घमेलं उचललं आणि पिल्लं, अंडी, सगळं टाक्यात ओतलं. मासोळ्यांनी खाल्लं तर खाल्लं. तोही सुटेल, आपणही.

मासोळ्यांनी तोंड लावलं नाही. बाजूला झाल्या, वाट दिली.

अंडी पाण्यावरून संथ सरकत पलीकडच्या काठाला गेली. तिथं थांबली.

मग एकेक गोळा पाण्यातून वर आला.

तानाबाईनं घमेलं त्या बाजूला सरकवलं.

बाहेर हॉर्न वाजला. अंकुरनं पुन्हा हाक मारली. टेम्पो सुरू झाला, वळणावर एरंडाच्या झुडपाला घासला, आणि धूळ खाली बसली तेव्हा रस्ता रिकामा होता.

वणीची खोली बरी होती. दोन खिडक्या, दाराशी नळ. सगळ्यावर कोळशाची बारीक काळी भुकटी. सुरभी जीव लावायची. "आई आता किती शांत झाल्या," ती शेजारणीला सांगायची. "आल्यापासून एक शब्द वाकडा नाही बोलल्या." अंकुरलाही नवल वाटायचं. भाजीत मीठ जास्त झालं तरी आई मुकाट खायची.

आठव्या दिवशी सकाळी अंकुरच्या मोबाईलवर भावसिंगचा फोन आला. अंकुरनं तो आईच्या कानाला लावला.

"याडी, हे बरं नाही. येऊन गेल्या अन् मले सांगितलं बी नाही?"

"कोठं येऊन गेली?"

"घरी. आत्ताच पाहून आलो ना. टाक्यावर बसल्या होत्या तुम्ही. मी आत आलो तर केवढ्या बोलल्या मले. चपला घालून अंगणात कायले आला म्हणे, तुह्या बापाचं अंगण आहे काय म्हणे." तो हसला. "बरं वाटलं. घर मुकं झालं होतं."

तानाबाईनं फोन दुसऱ्या कानाला धरला.

"मी वणीत आहो भावसिंग."



"मंग ते म्हातारे कोण होते?" भावसिंगनं हळूच विचारलं. "पाठमोरे बसले होते. पाण्यात हात घालून. तुम्ही त्यायले चहा देऊन राह्यल्या होत्या. हसून राह्यल्या होत्या, याडी."

तिनं फोन अंकुरच्या हातात दिला. काय म्हणतो भावसिंग, त्यानं विचारलं. काही नाही, ती म्हणाली.

ती खिडकीशी जाऊन बसली आणि निघण्याचा दिवस आठवायला लागली. ट्रंक आठवली, पलंग आठवला. हॉर्न आठवला. पण टेम्पोच्या पायरीवर पाय ठेवल्याचं काही केल्या आठवेना. वाटेतलं एक गाव आठवेना. आठवत होतं ते इतकंच, की अंकुरनं कोणाला तरी हात देऊन वर घेतलं, दार लावलं, आणि ते तिनं अंगणातून पाहिलं होतं.