पाच रविवारांचं तापमान

महिन्याची एक तारीख म्हणजे हवामान कार्यालयातल्या तिच्या टेबलावर बावीस केंद्रांचे आकडे येऊन आदळायचा दिवस. सरलेल्या महिन्यात पाऊस सरासरीपेक्षा किती कमी, तापमान किती जास्त, हे दुपारपर्यंत वर कळवायचं. घरी अंथरुणाला खिळलेले बाबा, इथे हा पसारा. बिचारीला मान वर करायला फुरसत नव्हती. समोर कुणीतरी भिजून उभं आहे हे तिला रजिस्टरवर थेंब पडला तेव्हा कळलं.

"टेकडीवरच्या केंद्राचा निरीक्षक. तुम्ही बोलावलंत…"

आवाज ओळखीचा होता. रविवार सोडून रोज सकाळी साडेआठला हाच आवाज फोनवर आकडे सांगायचा आणि मग हळूच विचारायचा, "चहा झाला का?" तिला हे विचारणारं दुसरं कुणी नव्हतं. चेहरा मात्र आज पहिल्यांदाच दिसत होता. बरा होता – दमलेला, पण बरा.

"पाचही रविवारी तुमचं तापमान शनिवारचंच," ती म्हणाली. "पाऊस शून्य, आणि सोमवारी दुप्पट. तुमच्याकडे ढगांनाही सुट्टी असते वाटतं?"

"ढगांना असते. मला नसते." तो हसला, मग हसू ओसरलं. "आईला सांभाळणारी बाई रविवारी येत नाही. आईला एकटं ठेवून टेकडी चढवत नाही…"

"मग रकाना कोरा ठेवायचा."

"कोरा ठेवला की लोक विचारतात. शून्य लिहिलं की कुणी विचारत नाही."

तिचं पेन थांबलं. दादा फोनवर "कशी आहेस?" विचारायचा, ती "मजेत" म्हणायची. तीन वर्षं ती हेच सांगत आली होती.

पावसाची बेरीज बरोबर होती. रविवारचं पाणी मापकात साचून सोमवारी मोजलं गेलं होतं. तापमान मात्र गेलं ते गेलं. पाच दिवस खोटे म्हणजे महिना बाद, आणि पुन्हा असं झालं तर केंद्रच बंद. मग सकाळचा फोनही बंद. तिने शेजारच्या केंद्राचा तक्ता जवळ ओढला. त्यावरून आकडे बसवले असते, तर कुणाला पत्ता लागला नसता…

"नका," तो म्हणाला. "माझं एकट्याचं खोटं पुरे आहे."

तिने पाचही रविवारांवर काट मारली.

"या महिन्यात चार रविवार आहेत," तो पुटपुटला. "ते कसे निभवायचे?"

तिने फोन उचलला. "दादा, रविवारी बाबांजवळ तू थांबायचंस. दर रविवारी… नाही रे, आजारी नाही. दमलेय मी." पलीकडून दादा "येतो" म्हणाला.

"तुमच्या आईला अनोळखी माणूस चालतं?"

"अनोळखी कुठे? रोज कुणाशी बोलतो ते तिला ठाऊक आहे. 'तिला एकदा घरी आण' म्हणून मागे लागलीय. मलाच… धीर होत नव्हता."

तिचे कान तापले. तिने उगाच रजिस्टर सरळ केलं.

"रविवारी मी त्यांच्याजवळ बसते. तुम्ही आकडे घेऊन या."

"आणि आल्यावर?"

"आल्यावर मी झोपणार. खुर्चीतच का होईना, तासभर झोपणार."

"झोपा," तो म्हणाला. "मी कुणाला उठवू देणार नाही."